इनॉक मॅल्किनची सोमवारची घंटा

इनॉक मॅल्किनला दोनच गोष्टींचं वेड आहे, असं त्याची बायको केझाया सांगे: पांढरी माती आणि सोमवार. मातीने त्याला यश दिलं. सोमवारने काही दाद दिली नाही.

इंग्लंडातल्या बर्स्लेम या कुंभारांच्या गावात बापाच्या एका भट्टीच्या त्याने चार केल्या. लोण्याच्या रंगाची अशी बशी काढली की लंडनच्या सरदारणी तिच्यासाठी हटून बसल्या. पूर्वी एकच कुंभार भांडं घडवी, कान जोडी, झिलई देई. इनॉकने प्रत्येकाला एकेक काम वाटून दिलं. गावाने कुरकुरत तेही पचवलं. मग त्याने छपरावर घंटा टांगली आणि सोमवारीही सहाला कामावर यायचं, असं फर्मान काढलं. ते मात्र गावाने कानाआड केलं. कुंभारांचा सोमवार सुट्टीचा, म्हणजे रविवारच्या बिअरचं शेपूट, आणि ते पणजोबांपासून चालत आलेलं.

पहिल्याच सोमवारी नवी, सगळ्यात मोठी भट्टी पेटलेली होती. इनॉकने हात भरून येईपर्यंत घंटा बडवली, पण चिटपाखरू फिरकलं नाही. आत वर्षभराची मेहनत भाजत होती. केझायाने बाह्या सरसावल्या आणि ती कोळसा ओढू लागली. तेवढ्यात गुत्त्यातून भट्टीची आग सांभाळणारा जॅबेझ डुलत आला. आगीचा रंग ओळखायला इनॉकला लहानपणी त्यानेच शिकवलं होतं.

"घंटा ऐकून नाही आलो हं," तो म्हणाला. "धूर काळा दिसला म्हणून आलो. सरक पोरा. भांडी भाजतोयस की धुरी देतोयस?"

भट्टी वाचली. इनॉकने हट्ट मात्र सोडला नाही. पुढची पंधरा वर्षं दर सोमवारी तो स्वतः घंटा वाजवी, रिकाम्या अंगणाकडे बघे आणि चडफडत न्याहारीला येई. ओटचं धिरडं वाढताना केझाया विचारी, "आले का रे तुझे?"

"पुढच्या सोमवारी येतील," तो म्हणे. तिला त्याचा राग यायचा, आणि रागाहून जास्त माया.

एका शुक्रवारी तो गेला. पुरायचं ठरलं सोमवारी. त्या सकाळी सहाला घंटा वाजली तशी केझाया दचकली. खिडकीतून पाहिलं तर काठी बगलेत धरून जॅबेझ दोर ओढत होता आणि अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. सगळ्यांचे एप्रन स्वच्छ धुतलेले.

केझाया इनॉकच्या रिकाम्या खुर्चीकडे वळली.

"आले रे तुझे," ती म्हणाली.