गडावर मारलेली हाक

आमच्या गावामागच्या टेकडीवर गड आहे. गड म्हणायचं आपलं. बुरूज नाही, दरवाजा नाही. नुसती दगडावर दगड रचलेली भिंत, कुठं कमरेइतकी, कुठं डोक्याच्या वर. मधे ना चुना, ना माती. हल्ली परळीकडची कॉलेजची पोरं पायथ्याला मोटरसायकली लावून वर जातात, फोटो काढतात आणि उतरल्यावर मला विचारतात, "आजी, कोण्या राजानं बांधला हो?"

"मला काय माहीत बाबा? मी लग्न होऊन आले तवा बांधून झाला होता."

मी आले माजलगावकडून, उसाच्या गावातून. पडले मेंढरांच्या घरात. नवी नवरी लई शहाणी! कॅनॉलचं पाणी प्यालेली, त्यामुळं नाक कायम वर. त्या भिंतीच्या फटींतून पलीकडचा उजेड दिसायचा. ते बघून मी नवऱ्याला म्हटलं, "आमच्याकडं गोठा बी याच्यापेक्षा बरा बांधतेत." तो बिचारा नुसता हसला. घरात सासू-सासऱ्यांपुढं आम्ही एकमेकांकडं बघतही नव्हतो. भाकरी घेऊन गडावर गेले की काय ते दोन शब्द.

मोठी मेंढरं बाहेर चरायची आणि कोकरं गडाच्या आत, पडक्या जागी बाभळीचे फांटे लावून कोंडलेली. एका दुपारी भाकरी घेऊन गेले, तर पुरुष भिंतीपलीकडं खालच्या डबक्यावर मेंढरांना पाणी पाजत होते. आत एक कोकरू ओरडत होतं. भिंतीच्या फटीत मान घालून अडकलेलं. हाक मारायची सोडून उसाच्या गावचं शहाणपण पुढं झालं. फट मोठी करावी म्हणून मी खालचा एक दगड हिसकून काढला.

वरची सगळी रास सरकली. मी पाठ लावली म्हणून थांबली. पाठ काढली तर दगड कोकराच्या मानेवर. आता मी आणि कोकरू, दोघंही अडकलो.

"आवं!" मी ओरडले. "आवं, या की!"

खालून हसण्याचा आवाज आला. धाकटा दीर म्हणाला, "जा की दादा, भाकरी आली तुझी. बोलावनं हाय!"

माझा नवरा कसला उठतो! बापाच्या देखत बायकोच्या हाकेला पळत गेला, तर गावात तोंड दाखवायला जागा राहिली नसती. मी पुन्हा "आवं" केलं, पुन्हा हसणं. तो मुद्दाम जास्तच जोरात मेंढरं हाकायला लागला.

एक नाव होतं, ज्याला तो आलाच असता. पण ते बाईनं तोंडातून काढायचं नसतं. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. एरवी घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, हे आईनं मला अंगाची हळद उतरायच्या आत सांगितलेलं. कोकराचा आवाज बारीक होत चालला होता. पाठीत दगडाचा कोपरा रुतत होता. एकीकडं कोकरू, एकीकडं नवऱ्याचं आयुष्य, आणि मधे मी बावळट, पदर खांद्यावरून घसरलेली, रडत उभी.

मग मी नाव घेतलं. पूर्ण नाव, बापाच्या नावासकट! म्हणजे सासऱ्यांचंही सुटलं नाही.

खालचं हसणं थांबलं. नवरा भिंतीवरून उडी टाकून आला, तोंड पांढरंफटक. "कोन गेलं? घरी कोन गेलं?" बायको नाव घेते म्हणजे कोणीतरी मेलंच, असं त्याला वाटलेलं. त्याच्या मागं दीर, आणि दोघांना मागं टाकून पुढं आलेले, पटका सुटलेले सासरे. त्यांनी दगडाला हात घातला, नवऱ्यानं कोकरू ओढलं, मी बाजूला झाले आणि रास धाडकन खाली आली. कोकरू जरा लटपटलं, मग आईकडं पळालं.

मी पदर डोक्यावरून नाकापर्यंत ओढला. आता गावभर होणार, सासू माहेरी धाडणार. दीर दात काढून म्हणालाच, "बाबा, ऐकलं का वैनीनं काय केलं?"

सासरे पटका गुंडाळत होते. म्हणाले, "मला तर काय ऐकू आलं न्हाई. तुला आलं का रं?"

दीर खाली मान घालून मेंढरांकडं वळला.

त्या बोलण्यानं मला सासूपासून वाचवलं, पण मनातली भीती गेली नाही. दिवस कलताना मेंढरं आत घेतली, बाकीचे पुढं निघाले. नवरा फांटे लावता लावता माझ्याजवळ आला.

"अजून एकदा म्हन की."

"वेड लागलं का? आयुष्य कमी होतंय तुमचं."

"होऊ दे की थोडं," तो म्हणाला. "कोनी घेतच न्हाई गं, तशा आवाजात."

मग मी म्हटलं. हळूच, मेंढरांनाही ऐकू जाऊ नये असं. तो तसाच उभा राहिला, हातात बाभळीचा काटा रुतलेला, आणि काढायचंही भान नाही.