डोंगर हलेना

फोटो स्टुडिओत त्याला सगळे डोंगरदाजी म्हणत. हे नाव त्याने स्वतःच्या तोंडाने कमावलेलं. कॅमेऱ्याच्या पडद्यावर कोपऱ्यात उजेडाचा आलेख दिसतो ना, काळोख डावीकडे, उजेड उजवीकडे, मधे उंचवटा? त्याला हा डोंगर म्हणायचा. डोंगर बघत उजेड कमी-जास्त करणारं चाक फिरवायचं, तो जागेवर आला की खटका दाबायचा. काढलेला फोटो पुन्हा उघडून बघणं म्हणजे त्याच्या लेखी कमीपणा.

स्टुडिओ मेहुण्याचा. तो बापडा प्रत्येक फोटो उघडून बघायचा. दाजी भर गिऱ्हाइकांत म्हणायचा, "अंडं घातल्यावर कोंबडी बघते बघा, तसा बघतो हा!" लोक खो-खो हसत. मेहुणाही हसायचा, आणि एकेक अंडं मोजून ठेवायचा.

आता खरी गोम ऐका. दोन वर्षं दाजीच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकत होता. चेहरे म्हणजे पिठाचे गोळे, आकडे म्हणजे मुंग्या. काळ्या चौकटीतला पांढरा डोंगर तेवढा कसाबसा दिसायचा, त्यावरच गाडी चाललेली. डॉक्टरकडे गेलो तर बभ्रा होईल, कॅमेरा जाईल, ही धास्ती. कॅमेरा गेला तर दाजीत उरतंय काय? बायकोला मात्र कळलं होतं, आणि तिने ते भावाच्या कानावर घातलं.

मेहुण्याने कॅमेऱ्यातली एक सेटिंग गुपचूप बंद केली. ती बंद असली की चाक कितीही फिरवा, पडद्यावर चित्र तसंच आणि डोंगरही तिथेच; फोटोत मात्र उजेड वाढतच जातो.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या अंगणात तीस नर्स रांगेत उभ्या. मोठ्या बाई निवृत्त होणार होत्या. पांढरे कपडे, मागे पांढरी भिंत, वर ऊन. पांढऱ्यासाठी डोंगर जरा उजवीकडे हवा. दाजीने चाक फिरवलं. डोंगर हलेना. आणखी चार टिचक्या. हलेना.

"दाजी, काही अडलंय का?" मेहुणा गोड आवाजात म्हणाला.

"अडेल कशाला! तू तुझी अंडी सांभाळ."

पण कॅमेऱ्याचा संशय त्याला शिवलाच नाही. त्याला वाटलं, डोंगर सरकतोय, आपल्यालाच दिसत नाहीये. आता तेवढाही दिसेना! त्याने बोटाच्या अंदाजाने आणखी सहा टिचक्या दिल्या आणि खटका दाबला. मेहुण्याने बाजूला उभं राहून दुसऱ्या कॅमेऱ्यावर नर्सचे नीट फोटो काढून घेतलेच होते.

संध्याकाळी स्टुडिओत चार गिऱ्हाइकं उभी असताना मेहुण्याने दाजीच्या हातात मोठा छापील फोटो दिला. "कसा आलाय, दाजी?"

दाजीने तो हातभर लांब धरला, मग नाकाशी आणला. "झकास! सगळ्यांचे चेहरे स्वच्छ. मोठ्या बाई तर काय हसतायत!"

"कुठे हसतायत, जरा बोट ठेवा."

दाजीने बरोबर मधोमध बोट ठेवलं.

गिऱ्हाइकं पोट धरून हसली. कागद पांढराफटक होता. खाली तेवढी काळ्या बुटांची रांग.

"बूट हसतायत होय, दाजी? बघत जा हो नंतर, कोंबडीसारखं!"

दाजीचं बोट तिथेच होतं. काउंटरमागून बायको आली. तीही हसतच होती.

"मान वाकवा," ती म्हणाली, आणि तिने त्याच्या गळ्यातला कॅमेऱ्याचा पट्टा काढून भावाच्या गळ्यात घातला.