रखमाजीचं जांभळं झाड

भाटघरचं धरण पुरं झालं आणि बंगल्यावरचा सायब गेला. बंगल्याच्या बागेत माळीकाम करणाऱ्या रखमाजीनं तिथलं एक विलायती कलमी रोप ओल्या गोणपाटात गुंडाळलं आणि डोक्यावरनं आपल्या गावी, शिवऱ्याला आणलं.

बायको साळूबाई म्हणाली, "आंबा न्हाई, पेरू न्हाई, ह्ये जळकं कशापायी आनलं तुमी?"

पानं वांग्याच्या सालीसारखी जांभळी. काळ्या मातीत पाणी साचून मुळं कुजतात, म्हणून रखमाजीनं परड्यात दगडगोट्यांचा उंचवटा केला. वैशाखात वर पळसाच्या डहाळ्यांची सावली धरली. कलमाच्या खालून, मूळ खुंटाचा, हिरवा फुटवा आला, की तो मोडायचा. लोक हसायचे, "म्हातारा हिरवं मोडतोय नि जळकं राखतोय!"

एका फाल्गुनात झाड फुलून आलं, फिकट गुलाबी. त्याच महिन्यात गावातल्या गुरांना लाळ-खुरकूत लागली. शेजारच्या सावळाचा बैल गेला. सावळा कुऱ्हाड घेऊनच परड्यात शिरला. "फूल आलं नि रोग आला. तोडा त्ये!"

रखमाजी झाडाला पाठ लावून उभा राहिला. "आदी देवाला इचार. मग माज्यासकट तोड."

भैरोबाला कौल लावायचा ठरला. गेनबा गुरव देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओली फुलं चिकटवणार. उजवं आधी पडलं तर झाड राखायचं, डावं पडलं तर तोडायचं.

"त्येच्याच झाडाची फुलं लावा," सावळा अडला. "त्येच्याच तोंडानं वदू द्या."

एरवी झेंडू असायचा. जडपणानं घटकेत पडायचा. ही फुलं कागदाहून हलकी. ओल्या शेंदरावर बसली ती बसलीच. उन्हं पायरीवर आली, उतरली. रखमाजीची नजर डाव्या खांद्यावरनं हलली नाही.

"गुरवा, मागनं धरलंयस का काय?" सावळानं विचारलं.

"माजे हात ह्ये हितं हायती. बग की!"

दिवस कलला तशी दोन्ही फुलं वाळून शेंदराला घट्ट झाली.

"मंजी राखा म्हनतोय, का तोडा म्हनतोय?" सावळा म्हणाला.

"काय बी म्हनत न्हाई," गेनबा म्हणाला. "दोनी फुलं धरून बसलाय. देवाकडनं हिसकून घ्यायची छाती हाय का तुजी?"

सावळानं कुऱ्हाड ह्या खांद्यावरनं त्या खांद्यावर घेतली. "ऱ्हाऊ द्या मग. पर माज्या दारावर फांदी आली तर छाटनार, सांगून ठिवतो."

"छाट की," रखमाजी गुडघ्यावर हात टेकून उठला. "त्येला छाटनी लई मानवती."