जिव्याच्या निवडणुकीचा हिशोब

जिव्या दर वैशाखात खोडाळ्याला आमची कौलं शाकारायला येतो. शाळा चौथीपर्यंत, बोलणं मोजकं. त्याच्या पाड्यावरच्या बाया पाण्यासाठी हंडे घेऊन दरी उतरतात, त्या पाण्यापायी तो यंदा सरपंचपदाला उभा राहिला. मी रोज नामजपाची वही लिहिते हे त्याला ठाऊक. खर्चाची वही घेऊन आला नि म्हणाला, "बाई, तुमच्या हातानं लिवा. देवाचं लिवता तसं, खरं."

मी पानावर श्री काढला. पाड्यात घरटी पायलीभर नागली जमली होती. ती बाजारात विकून भोंग्याची जीप चार दिवस फिरली. बाकीचे पैसे कुठून, विचारलं तर हसला. "भट्टीवाल्याची उचल घेतली. निवडून आलो तर हितंच मजुरी करून फेडीन, नाय तर इटा पाडीन."

त्याची बायको गोदा फणकारली, "लोकां उचल घेऊन लगीन करतात, ह्यानं पत्रकं छापली!"

एकवीस मतांनी पडला. दुसऱ्याच सकाळी वीटभट्टीच्या मुकादमाचा ट्रक पाड्यावर हजर. दोघं चढली. जीपवाल्याची पावती यायची होती, म्हणून हिशोबावर जिव्याची सही राहिली.

निकालापासून तीस दिवसांत हिशोब दिला नाही, तर पुढं उभं राहता येत नाही म्हणतात. विसाव्या दिवशी मी पावती जोडून मोखाड्याला तहसीलला गेले. कारकून भला होता. "काकू, वर श्री काढलाय, खाली सही कुठंय? उमेदवारालाच आणा."

फोन लावला. "मुकादम सोडत नाय, बाई," जिव्या म्हणाला. "म्हनतो, उचल परत ठेव नि जा." आमचे हे शिक्षक, पण घराचे हप्ते जाऊन तेवढी रक्कम आमच्याकडेही नव्हती.

त्याची सही मला गिरवता आली असती. इतक्यांदा पाहिलीय. वही घेऊन देवासमोर बसले, पेन उघडलं, पण हात पुढं होईना.

तिसाव्या दिवशी बाजार होता. जिव्याचा शेजारी लाडक्या पिशवी घेऊन ओट्यावर टेकला.

"एकवीसच मतां, बाई! पुढच्या खेपेला घरटी दोन पायल्या देऊ. जिव्यालाच उभा करू. पानी आनल्याबिगर नाय सोडायचा."

सहा वाजून गेले होते. तहसील बंद झालं असणार. हिशोबाची वही देव्हाऱ्याखालच्या फळीवर सहीविना तशीच होती.

"चहा घेतोस ना?" मी विचारलं.

"साखर जास्त टाका," तो म्हणाला.