शेवटची ओळ एकट्याची नसते

विल्फ्रेड स्टॅनिफर्थ म्हणजे शेफील्डमधल्या एका चांदीच्या कारखान्याचा फाटकवाला. महायुद्धाच्या आधीपासून तेच फाटक, तीच शेगडी. खुद्द मालक आले तरी नाव विचारल्याशिवाय अडसर काढायचा नाही. मालक आधी चिडायचे, मग हसायचे.

त्याचा खरा मान मात्र वर डोंगरावर, आमच्या थॉर्नशॉ गावात. नाताळात आमच्या पबमध्ये जे जुनं गाणं म्हणतात, त्याची चाल आमची स्वतःची; खाली शहरात ती कुणाला येत नाही. गाणं संपलं की शेवटची ओळ एकजण खालच्या सुरात पुन्हा उचलतो. ती त्याला एकट्याला म्हणू द्यायची नाही, कुणीतरी साथ द्यायचीच. एकट्याची राहिली तर वर्षभरात त्या घरातलं माणूस जातं, असं म्हातारे म्हणायचे. ओळ उचलायचा मान स्टॅनिफर्थांचा. आधी विल्फच्या बापाचा, मग विल्फचा, आणि आता त्याच्या एकुलत्या एका लेकाचा, लेनचा. लेनचा गळा बापापेक्षा गोड. बाकी कशातच त्याचा जीव रमत नव्हता.

नाताळच्या आदल्या दिवशी कारखाना दुपारीच सुटला. चारला अंधार पडला आणि फाटकाबाहेर दारोदार नाताळची गाणी म्हणणारे आले.

"आज उघडणार नाही रे! पुढे व्हा!" विल्फ आतूनच ओरडला.

तेव्हा बाहेरच्यांनी डोंगरची चाल धरली. म्हातारा ताडकन उठला. अरे, ही तर आपली पोरं! ॲनीने, त्याच्या बायकोने, असल्यांसाठीच डब्यात मिन्स पाय, नाताळच्या गोड करंज्याच म्हणा, भरून दिले होते. गाणं संपलं, एका आवाजाने शेवटची ओळ उचलली आणि विल्फने आतून साथ दिली. ओळ संपेस्तोवर त्याने अडसर काढलासुद्धा होता.

चौघे होते, नाकापर्यंत मफलर गुंडाळलेले. तिघे ओरडत होते, चौथा अक्षर बोलला नाही. विल्फला खुर्चीला बांधून त्यांनी चांदीची कोठी धुऊन नेली. जाताना त्या चौथ्याने शेगडी विल्फच्या डाव्या गुडघ्याजवळ सरकवली. विल्फचा तो गुडघा अधू आहे, हे घरच्यांशिवाय कुणाला माहीत नव्हतं. गाठी सोडवायची धडपड विल्फने तिथेच थांबवली.

"इतकी वर्षं मालकालाही अडवलंत, मिस्टर स्टॅनिफर्थ," चौकशीला आलेला पोलीस सार्जंट ब्रॅमली म्हणाला. "आणि यांना उघडलंत?"

"गात होते, साहेब."

"कोणती चाल?"

"नेहमीचीच. चर्चमधली."

"समोरच्या मिसेस ऑग्डन तर म्हणतात, चाल कधी न ऐकलेली होती. आणि शेवटची ओळ मागाहून पुन्हा, खालच्या सुरात म्हटली."

"म्हातारीला कमी ऐकू येत असेल."

नोकरी तिथेच गेली. चोरांना सामील असल्याचा बोभाटा आधीच झाला होता. विल्फला त्याचं फार वाटलं नाही. तुरुंगाची पाळी कुणावर येणार, एवढंच त्याच्या डोक्यात घुमत होतं. ॲनीला तो काय सांगणार? ती नाताळचं ताट वाढताना लेनच्या पुढ्यात मोठा तुकडा ठेवत होती. बापलेकांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी पब गच्च भरला. शेकोटीशी साध्या कपड्यात ब्रॅमली आणि त्याच्या शेजारी हॅट घातलेल्या मिसेस ऑग्डन बसल्या होत्या. त्या दोघांना तिथे फक्त विल्फच ओळखत होता.

"काय विल्फ, चोरांना मिन्स पाय खाऊ घातलेस की नाही?" कुणीतरी खवचटपणे विचारलं. सगळे हसले. कोपऱ्यात बसलेल्या लेनने ग्लास खाली ठेवला.

"जाऊ दे रे. विल्फ, सुरुवात कर!"

सुरुवात कायम विल्फ करायचा. त्याने घसा खाकरला आणि चर्चमधली चाल लावली. पब चपापला. आपल्याच पबमध्ये शहराची चाल! जन्मात असं झालं नव्हतं. पण म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय असं समजून लोकांनी दयेपोटी साथ दिली. गाणं कसंबसं शेवटाला आलं आणि थांबलं. विल्फने सुटकेचा निःश्वास सोडला. या चालीत पुन्हा उचलायची ओळच नव्हती.

तेवढ्यात कोपऱ्यातून ती आलीच, खालच्या सुरात, गोड. लेनने सवयीने उचलली की बापाला टोमणा मारलेला सहन न होऊन, हे विल्फला शेवटपर्यंत कळलं नाही. मिसेस ऑग्डननी हॅट सावरून ब्रॅमलीच्या बाहीला हात लावला.

कुणीच साथ देईना. लोक आधीच गोंधळले होते. लेनचा आवाज एकटाच पुढे चालला, थोडा कापला, तरी थांबला नाही. ब्रॅमली उठून उभा राहिला.

विल्फने डोळे मिटले आणि लेकाला साथ दिली.