चंदाबाईचं तोंड

चामोर्शीचा बाजार चंदाबाईला आवाजावरून ओळखायचा. वैनगंगेकाठच्या गावातून ती मासळीची टोपली घेऊन यायची आणि "मरळ घ्या, जिती मरळ!" अशी हाक दिली, की भाजीवाल्यांचे आवाज त्यात बुडून जायचे. नवरा तरुणपणीच गेला. तेव्हापासून तलावात जाळं टाकणं, मासळी विकणं, मच्छीमार सोसायटीच्या सभेत भांडणं, सारं तिनंच निभावलं. सोबतीला होता खर्रा. भूक मारायला खर्रा, झोप उडवायला खर्रा. पन्नीत सुपारी-तंबाखू-चुना घासत बसलेली चंदाबाई सगळ्यांच्या ओळखीची होती.

मग गालात फोड झाला. तो काही भरेना. आधी तिखट सोसेना, पुढे तोंड इतकं आखडलं की भाताचा घासही जाईना. गावच्या डॉक्टरानं दिलेलं मलम संपलं, तेव्हा मुलगा निकेश तिला चंद्रपूरला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला. तिथं फोडाचा तुकडा काढून तपासला. डॉक्टरांनी निकेशला बाहेर बोलावलं.

"कॅन्सर आहे. आईंना एवढ्यात सांगू नका. घाबरल्या तर ऑपरेशनला तयार होणार नाहीत."

निकेश आत येऊन म्हणाला, "फोड हाये माय. कापून टाकतीन, मंग घरी."

पण निकेशनं तिच्यासमोर खर्रा खायचं एकाएकी सोडलं. एरवी रोज वाद घालणारी सून भाग्यश्री फोनवर गोड बोलू लागली. शेजारच्या खाटेवर अर्धा जबडा काढलेली एक बाई होती, ती खुणेनंच पाणी मागायची. चंदाबाई तिला चमच्यानं पाणी पाजायची आणि तिच्या तोंडाकडे बघत राहायची.

सकाळी डॉक्टर आले आणि सवयीनं निकेशशीच बोलू लागले. चंदाबाईनं त्यांच्या कोटाची बाही धरली.

"डॉक्टरसाहेब, तोंड माह्यं हाये. तुमी त्याच्यासंग काऊन बोलून राह्यले?"

"मावशी, तुम्ही आराम करा. मुलाला सगळं सांगितलंय."

"त्याले सांगितलं, मले नाई सांगितलं. या बाईवानी माह्यंबी तोंड कापता काय?"

निकेशनं मान खाली घातली. डॉक्टर स्टूल ओढून तिच्यासमोर बसले. कॅन्सर आहे, गाल आणि जबड्याचा थोडा भाग काढावा लागेल, वर मांडीची कातडी लावतील. जगायची आशा चांगली आहे, पण बोलणं पहिल्यासारखं राहणार नाही.

"नाई कापलं तं?"

"वाढत जाईल. मग आमच्या हाती फारसं उरणार नाही."

"कापा म्हनीन मी," चंदाबाई म्हणाली. "पन पयले घरी जाऊन येतो."

परतीच्या बसमध्ये निकेश रडू लागला. "तुले भेव लागन म्हून नाई सांगितलं, माय."

"भेव तं लागलंच ना. तुमी सारे मिळून भेले, मी एकटीच भेली."

गावात कुजबूज सुरू व्हायच्या आत तिनं सोसायटीत जाऊन स्वतःच सांगितलं. एका बाईनं आपला चहाचा कप हळूच दूर सरकवला. "लागत नाई थो," चंदाबाई म्हणाली, "पी तू." मग भाग्यश्रीला घेऊन ती बाजारात बसली. सुनेच्या तोंडून हाक निघेना. निघाली ती शेजारणीलाही ऐकू गेली नाही. "बाप्पा, मासे झोपून जातीन तुह्या आवाजानं!" चंदाबाई हसली आणि दुखऱ्या गालावर हात धरून बसली.

त्याच आठवड्यात ऑपरेशन झालं, पुढे लाईटचा शेक, म्हणजे रेडिएशनही झालं.

आता त्याला दोन वर्षं होत आली. चंदाबाईचा गाल खोल गेलाय, शब्द अर्धेच फुटतात. बाजारात ती सुनेमागे बसून मासे कापते. सोसायटीत बोलायला उभी राहिली, की तिचं कळावं म्हणून लोकांना आपलं बोलणं थांबवावं लागतं. स्वतः तिनं खर्र्याला पुन्हा हात लावला नाही. निकेशनं मात्र सोडला, धरला, पुन्हा सोडला. रागावून भागत नाही, हे तिला आता कळलंय. बाजाराच्या दिवशी निघण्याआधी ती त्याला अंगणात उन्हाकडे तोंड करून बसवते, 'आ' करायला लावते आणि बोट घालून दोन्ही गाल आतून चाचपून बघते. चाळिशीला आलेला निकेश मुकाट्यानं तोंड उघडतो.