खाकी पायपुसणं

इमारतीतली पोरं तिला चिंधीकाकू म्हणायची, आणि तिला त्याचा जराही राग येत नसे. उलट ते नाव ती बक्षिसासारखं मिरवायची. जुन्या पँटच्या भाजीच्या पिशव्या, विटलेल्या पडद्यांचे उशांना अभ्रे, फाटक्या टॉवेलची गरम भांडी उतरवायची फडकी. तिच्या घरातून कापड म्हणून काही फेकलं जात नव्हतं. नवरा म्हणायचा, "मी जरा जास्त वेळ एका जागी बसलो, तर ही माझाही अभ्रा करेल." ती हसायची, पण हसताना नजर त्याच्या झिजलेल्या कॉलरवर असायची.

खालच्याच मजल्यावर तिची थोरली जाऊ राहायची. थोरले दीर बस चालवायचे. आदल्या वर्षी आजारपणात गेले. जाऊ मुळातच अबोल, त्यानंतर आणखीच मिटली. लेकीचं बाळंतपण आलं तेव्हा ती लेकीकडे गेली. जाताना म्हणाली, "कुंड्यांना पाणी घाल गं. आणि मधूनमधून खिडक्या उघड, घर कोंदतं."

खिडक्या उघडता उघडता चिंधीकाकूने कपाटही उघडलं. आत दिरांचे शर्ट हँगरला ओळीने लावलेले, शेवटी खाकी गणवेश. एका शर्टाला कसर लागून खांद्यावर बारीक भोकं पडली होती. तिचा जीव हळहळला. एवढं चांगलं कापड, आणि किड्यांच्या पोटात! हात शिवशिवायला लागले. जाऊला फोन करून विचारावं, असं मनात आलं खरं. पण ती बाळंतिणीत गुंतलेली, उगाच कशाला त्रास? शिवाय परत आल्यावर ती केवढी चकित होईल! तेवढ्यावर तिने स्वतःची समजूत घातली.

कपडे वर आणून तिने गरम पाण्यात खळखळून धुतले. मग कात्री चालली आणि मशीन चाललं. चौकडीच्या शर्टाची नवऱ्याला डब्याची पिशवी झाली. बाकीच्या शर्टांच्या पिशव्या आणि फडकी झाली. जाऊपुरती ठेवून उरलेली तिने दारोदार वाटली. खाकी कापड जाड, शिवायला अवघड. त्याच्या पट्ट्या फाडून तिने घट्ट वेण्या घातल्या, त्या गोल गुंडाळून टाके मारले आणि झकास पायपुसणं केलं. ते जाऊच्या दारात अंथरलं.

जाऊ आली त्या दिवशी चिंधीकाकू जिन्यातच उभी होती. कौतुक ऐकायला कान टवकारलेले.

"वहिनी, खाली बघा तरी!"

जाऊने चप्पल काढली, पाऊल उचललं आणि तसंच मागे घेतलं. ती खाली वाकली. वेणीच्या एका वळणात खिशाची पट्टी आली होती, तिच्यावर पितळी बटण तसंच राहिलेलं. तिने ते बोटाने चाचपलं.

"हा यांचा गणवेश आहे?"

"हो ना! कसर लागत होती. म्हटलं, वाया जाण्यापेक्षा..."

"आणि पाय पुसायला घातलास?"

आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. जाऊने पायपुसणं उचललं, छातीशी धरलं आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

चिंधीकाकू कशीबशी घरी आली. कान तापले होते. गणवेश कापताना तिला त्यात फक्त कापड दिसलं होतं. माणूस एकदाही दिसला नव्हता, हेच तिला सहन होईना.

संध्याकाळी नवरा कामावरून आला. त्याच्या हातात ती चौकडीची पिशवी. तिने ती हातात घेऊन कापड न्याहाळलं.

"ही दादांच्या शर्टाची आहे, हे तुम्हाला कळलं होतं?"

तो बूट काढत राहिला. "मीच दिला होता त्याला तो शर्ट. कळणार नाही होय?"

"मग बोलला का नाहीत?"

"तू एवढी खुशीत होतीस. आणि कापून झालंच होतं."

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रोज भावाचा शर्ट हातात घेऊन हा माणूस कामावर जात होता, आणि आपण मात्र पिशवीचे बंद कसे मजबूत आहेत हे त्याला ओढून दाखवत होतो!

दुसऱ्या दिवशी ती दारोदार फिरली. "तुम्हाला दिलेली पिशवी परत हवी होती." का, असं विचारल्यावर खोटं सुचेना. "विचारल्याशिवाय कापली मी. माझ्या दिरांचा शर्ट होता तो." कुणी लगेच पिशवी आणून दिली. शेजारणीने आतले कांदे टोपलीत ओतले आणि म्हणाली, "अगंबाई, मला सांगायचंस तरी!" वाटताना ताठ असलेली मान आता वर होत नव्हती.

घरी येऊन तिने पिशव्या उसवल्या. बाही बाहीला लावून पाहिली, कॉलर जुळवली. पण मधलं कापड कापून गेलं होतं; शर्ट काही उभा राहीना. शेवटी सगळे तुकडे गाठोड्यात बांधून ती खाली गेली. सोबत एक न कापलेला शर्टही होता. तो इतका विरलेला, की फरशी पुसायलाही नको म्हणून तिने बाजूला टाकला होता.

"वहिनी, चुकले मी," ती दारातच म्हणाली. "हे परत जोडता येत नाही मला."

जाऊने शर्ट उलगडला, नाकाशी नेला. "धुतलास?"

"हो."

"घरी हाच घालायचे." तिने शर्टाची घडी घातली. "कपाट उघडलं की सगळे ओळीने दिसायचे गं. तेवढंच होतं." तिने गाठोडं आत घेतलं. बस म्हणाली नाही.

पुढे कित्येक महिने दोघींमध्ये कामापुरतंच बोलणं राहिलं. चिंधीकाकू आता स्वतःच्या नवऱ्याचा फाटका बनियनही त्याला दाखवून, विचारून मगच कापायची. तो हसायचा, तिला हसू यायचं नाही.

मग एका दुपारी जाऊ स्वतः वर आली. हातात तिची स्वतःची मऊ झालेली चादर होती.

"नातवाला दुपटी करायची आहेत. कापशील?"

"तुम्ही सांगाल तिथेच कापते."

जाऊने खडूने रेघा मारल्या आणि मशीनजवळ स्टूल ओढलं. "मी इथेच बसते."

त्याचा अर्थ चिंधीकाकूला पुरता कळला. तिने मान खाली घालून कात्री उचलली. रेघेवरून अगदी सावकाश कापत गेली. जाऊ शेवटपर्यंत बघत बसली.